जुनी काळी सायकल घरच्या घरी रस्त्यावर आणताना

जुनी सायकल दुरुस्तीला काढली की बहुतेकांचा हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो. तो डबा एवढ्यात आणूच नका. सायकल चालते ती छर्ऱ्यांवर (बेअरिंगच्या पोलादी गोळ्या), कोनांवर (त्या गोळ्या ज्यांवर फिरतात ते निमुळते नट) आणि सरळ रिमवर. वरून चकचकीत आणि आतून करकरणारी सायकल महिन्याभरात पुन्हा भिंतीला टेकते. आतून नीट झालेली सायकल मात्र उडालेल्या रंगानिशीही रोज बाहेर पडते.

नागपुरात महाल, धंतोली किंवा धरमपेठेतल्या घराच्या माळ्यावर ज्यांच्या आजोबांची सायकल पडून आहे, किंवा ज्यांनी कबाड्याकडून एखादी वाचवून आणली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पंक्चर काढण्यापलीकडे हात चालला नसेल तरी चालेल. मनात धरली आहे ती रॉड ब्रेकची (तारेऐवजी लोखंडी रॉडने ओढले जाणारे ब्रेक), २८ इंची चाकांची काळी रोडस्टर, म्हणजे इकडच्या बहुतेक घरांत असायची ती. वाकड्या हँडलच्या जुन्या रेसर सायकलींनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी सायकल ओळखा

पाना हातात घेण्याआधी एक फडकं ओलं करून समोरच्या नळीवरचा बिल्ला आणि सीटखालच्या जोडावरचा नंबर पुसून घ्या. नंबर तिथे नसेल तर सायकल उलटी करून खाली, जिथे पायडलचा अ‍ॅक्सल जातो त्या बीबीच्या नळकांड्यावर पाहा. दोन्हींचे फोटो काढा. पूर्वी नगरपालिका सायकलींना कराचे बिल्ले देत. तसा एखादा हँडलला लटकलेला असेल तर तो जपून ठेवा, घासायला घेऊ नका.

सायकल कुठली आहे यावर सुटे भाग ठरतात. इंग्लंडमधून आलेल्या रॅले, हंबर, बीएसए एका बाजूला आणि इथे बनलेल्या दुसऱ्या बाजूला. मद्रासची टीआय सायकल्स १९४९ मध्ये उभी राहिली, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ मध्ये आणि लुधियानाची हीरो १९५६ मध्ये. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. भारतीय रोडस्टरचे भाग आजही सहज मिळतात, कारण सायकल रिक्षालाही बरेचसे तेच लागतात. नॉटिंगहॅमची रॅले असेल तर मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: तिच्या बीबीच्या कपांचे, म्हणजे छर्रे ज्यांत बसतात त्या वाट्यांचे, आटे वेगळे, इंचाला २६ असतात. बाकीच्या सायकलींचे २४ असतात. बाजारातला कप तिला बसणार नाही, म्हणून जुना कप कितीही मळलेला असला तरी फेकायचा नाही.

आता सांगाडा तपासा. हँडलच्या नळीमागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखाली बोट फिरवा. रंगाला सुरकुत्या किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकली आहे. मग दोरीची परीक्षा घ्या. मागचं चाक काढून एका बाजूच्या अ‍ॅक्सलच्या खाचेला दोरी बांधा, ती पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणून ताणून बांधा. सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर पट्टीने मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर फरक निघाला तर सांगाडा वाकलेला आहे आणि तो सरळ करणं घरचं काम नाही. विकत घेत असाल तर तिथेच सोडून द्या. आजोबांची असेल तर आधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखवा, बाकी खर्च नंतर.

कबाड्याकडून घेताना विकणाऱ्याकडून चिठ्ठीवर फ्रेम नंबर, तारीख आणि सही घ्या. चोरीची सायकल दुरुस्त करत बसण्यासारखी दुसरी मनस्तापाची गोष्ट नाही.

सामान

फार लागत नाही. इंची पाने घ्या. जुन्या नटांवर मिलिमीटरचा पाना ‘जवळपास’ बसतो आणि नेमका जोर लावताना घसरून नटाची कड खातो. हबचे (चाकाच्या मधल्या नळकांड्याचे) कोन धरायला पातळ कोन पाना, स्पोकच्या टोकाच्या छोट्या नटांसाठी, म्हणजे निपलसाठी, निपल पाना, एक जड हातोडी, एक लाकडी ठोकळा, तारेचा ब्रश, लिथियमचं साधं पिवळं ग्रीस आणि गंज सोडवणारं तेल. धुवायला पूर्वी रॉकेल होतं, आता डिझेल किंवा टर्पेंटाइन वापरा. पेट्रोल नको. बंद खोलीत, गॅसच्या आसपास त्याची वाफ जीवघेणी ठरते. काळं झालेलं डिझेल नालीत ओतू नका, बाटलीत साठवून गॅरेजवाल्याला द्या.

इतवारी, महाल, गांधीबागेच्या जुन्या गल्ल्यांतल्या सायकलच्या दुकानांत जाताना नेहमी जुना भाग नमुना म्हणून सोबत न्या. “काका, हा असा पाहिजे” हे एक वाक्य मापाच्या सगळ्या गोंधळावर भारी पडतं. नव्या सायकलींच्या काचेच्या शोरूममध्ये कॉटर पिन (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, धरून ठेवणारी पाचर) मागितली तर बहुधा रिकाम्या हाताने परत याल.

उघडताना

प्रत्येक जोडाचा फोटो आधी, पाना नंतर. वॉशर कुठला आत होता, कुठला बाहेर, हे आठवड्यानंतर आठवत नाही. एका जागेचे नट, वॉशर, कोन काढल्या क्रमाने जाड तारेत ओवून ठेवले की परत बसवताना डोक्याला ताप राहत नाही.

सगळ्या अडकलेल्या जोडांवर आदल्या संध्याकाळी तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी हँडलच्या मधला लांब बोल्ट चार-पाच आटे सैल करा, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून एक ठोका द्या. आतला सुळका सुटला की हँडल वर निघतं. सीटची दांडी निघत नसेल तर ओढाताण करू नका, गोल फिरवत काढा. रेसर सायकलीत अ‍ॅल्युमिनियमची दांडी लोखंडी नळीत असते, दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि तिथे दोन-तीन दिवस तेल मुरवावं लागतं.

पायडल काढताना उजवं नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं. डावं उलट्या आट्याचं असतं, ते उजवीकडे फिरवून सुटतं. हे माहीत नसल्याने क्रँकचे आटे खराब झालेल्या कितीतरी सायकली फिरताहेत. इंग्रजी पद्धतीच्या बीबीत चेनच्या बाजूचा कपही असाच उलट्या आट्याचा असतो. पण तो काढायची गरज सहसा पडत नाही. जागच्या जागी पुसून पाहा, खड्डे नसतील तर तिथेच राहू द्या.

कॉटर पिन

नवशिक्यांची खरी परीक्षा इथे होते, म्हणून जरा सावकाश सांगतो. क्रँक अ‍ॅक्सलवर धरून ठेवणारी ही छोटी लोखंडी पाचर. तिच्या एका बाजूला सपाट उतार असतो, तो अ‍ॅक्सलच्या खाचेवर घट्ट बसतो, आणि दुसऱ्या टोकाला आटे आणि नट असतो. वर्षानुवर्षं पायांचा जोर खाऊन ती क्रँकमध्ये रुतलेली असते.

नट पूर्ण काढू नका. तो इतकाच सैल करा की नटाची वरची कड पिनेच्या टोकाशी सपाट येईल. म्हणजे हातोडीचा मार नटावरही वाटला जातो आणि आटे चेपत नाहीत. मग क्रँकच्या खाली, पिनेच्या डोक्याच्या बाजूने, आधार द्या. जाड लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपासून क्रँकपर्यंत बरोबर उंचीचा कापून घ्या, पिन त्याच्या पोकळीत उतरेल असा उभा करा. या आधाराशिवाय ठोकलेला प्रत्येक घाव पिनेऐवजी आतल्या छर्ऱ्यांना आणि कपाला बसतो. कपात पडणारे खड्डे बऱ्याचदा असेच पडलेले असतात.

आता जड हातोडीने एकच, सरळ, ठाम घाव. टुकटुक करत राहिलात तर पिनेचं टोक फुलतं आणि मग ती छिद्रातून जातच नाही. एका घावात हलली नाही तर पुन्हा तेल, पुन्हा रात्र. तरीही वाकलीच तर जवळच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल करून घ्या. पिन स्वस्त आहे, क्रँक नाही.

बसवताना नव्याच पिना घ्या, आणि जुनी नमुन्याला न्या, कारण जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असलेल्या पिना मिळतात. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या. एकाच दिशेने घातल्या तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पाय मारताना सतत काहीतरी खटकत राहतं. पिनेचा उतार कमी पडत असेल तर कानसेने थोडा थोडा घासून पुन्हा बसवून पाहा. पिन हातोडीने बसवायची, नट फक्त तिला धरून ठेवायला. नटाच्या जोरावर पिन ओढायला गेलात तर आटे सोलले जातात.

छर्रे, कप, कोन

कुठलीही कटोरी, म्हणजे छर्ऱ्यांचा कप, उघडण्याआधी खाली जुनी चादर अंथरा आणि दोन्ही बाजूंचे छर्रे वेगवेगळ्या वाट्यांत मोजून ठेवा. साधारणपणे बीबीला आणि मागच्या हबला पाव इंची छर्रे असतात, पुढच्या हबला ३/१६ इंची, आणि हँडलच्या कटोऱ्यांत ५/३२ इंची. बीबीत सुटे छर्रे असतील तर एका बाजूला ११ बसतात. पण आधी कुणीतरी कमीजास्त भरून ठेवले असण्याची शक्यता असते, म्हणून नियम लक्षात ठेवा: कटोरी भरल्यावर एका छर्ऱ्यापेक्षा थोडी कमी जागा रिकामी राहिली पाहिजे. ठासून भरले तर एकमेकांना घासतात.

जुने छर्रे कितीही चांगले दिसोत, बदला. सगळ्या सायकलीचे नवे छर्रे एका टायरच्या किमतीतही जात नाहीत. कोन मात्र नीट तपासा. उजेडात धरून, छर्रे जिथे फिरतात त्या पट्ट्यावरून बॉलपेनचं टोक फिरवा. गुळगुळीत चकाकी असेल तर ठीक. टोक अडकलं, म्हणजे खड्डा आहे, तर कोन बदला. डोळ्याला न दिसणारा खड्डाही पेनाच्या टोकाला कळतो.

ग्रीस भरपूर घाला, छर्रे त्यात अर्धे बुडून बसले पाहिजेत. जुन्या हबांना मधोमध तेलाचं छोटं भोक आणि त्यावर सरकती पट्टी असते. ती हरवली असेल तर धूळ आत जाऊ नये म्हणून पातळ पत्र्याची करून घ्या.

कोन जुळवणं हे सगळ्या कामातलं सर्वांत नाजूक. कोन हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पाव फेरा मागे घ्या. पातळ पान्याने कोन जागेवर धरून बाहेरचा नट आवळा. नट आवळताना कोन थोडा आत सरकतोच, म्हणून दोन-तीनदा करावं लागतं, त्याचा कंटाळा करू नका. आता अ‍ॅक्सल दोन बोटांत धरून फिरवा. कुठे अडकत असेल तर जास्त घट्ट, डावी-उजवी टकटक येत असेल तर सैल. चाक सायकलीत बसवल्यावर सोडून द्या: ते हळूहळू मागेपुढे झुलत थांबलं पाहिजे आणि जड बाजू, म्हणजे बहुधा व्हॉल्वची, खाली आली पाहिजे. झुलल्याशिवाय मध्येच थांबलं तर कोन अजून घट्ट आहे.

हँडलची कटोरी फिरवताना सरळ दिशेला हँडल ‘बसल्यासारखं’ वाटत असेल तर कटोरीत खड्डे पडले आहेत. ती बदला.

फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, उघडू नका. आतले कुत्रे, म्हणजे दातांत अडकणारे छोटे तुकडे, आणि बारीक स्प्रिंगा घरंगळल्या की सापडत नाहीत. बाहेरून डिझेल सोडून, फिरवत, मळ निघेपर्यंत धुवा आणि घट्ट तेल सोडा. ग्रीस घालू नका, कुत्रे चिकटून राहतात आणि पायडल मोकळंच फिरतं.

चाकाचा आउट

जुन्या रोडस्टरच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात. सगळे दोन बोटांनी जोडीजोडीने दाबून पाहा, सैल आणि तुटके लगेच कळतात. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढताना चाक सायकलीतच उलटं ठेवा, काट्याजवळ खडू धरा, चाक फिरवा. खडू जिथे लागतो तिथे रिम त्या बाजूला ओढली गेली आहे. तिथले समोरच्या बाजूचे स्पोक पाव फेरा आवळा आणि त्याच बाजूचे पाव फेरा सैल करा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

रॉड ब्रेकच्या सायकलीला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिचे ब्रेक रिमच्या बाजूंना लागत नाहीत, आतून, स्पोकच्या दिशेने, लागतात. म्हणून डाव्या-उजव्या आउटपेक्षा वर-खालचा आउट जास्त त्रास देतो: ब्रेक दाबल्यावर प्रत्येक फेऱ्याला धक्का बसतो. खडू रिमच्या वर धरून तोही काढा. निपल गंजून घट्ट झाले असतील तर आधी तेल. स्पोक पिळत राहिलात तर तो निपलजवळच तुटतो. आणि हे काम हाताला येत नसेल तर चाकं मिस्त्रीकडे द्यायला अजिबात संकोच नको. बसून पाहा मात्र. चांगल्या मिस्त्रीचा अंगठा बघणं हाच मोठा धडा आहे.

गंज आणि रंग

क्रोमवरचा वरवरचा गंज स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने निघतो. बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. नट, वॉशर, रॉडचे तुकडे अशा बारीक वस्तू लिंबूसत्ताच्या पाण्यात, लिटरला ५०-६० ग्रॅम, तीन-चार तास ठेवा. काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून धुवा, नागपूरच्या उन्हात तापू द्या आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. स्प्रिंगा, कोन आणि छर्रे या पाण्यात घालू नका. आम्लाने कडक पोलाद ठिसूळ होतं.

मूळ रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे. काळ्या रंगावरच्या सोनेरी रेघा आणि नळीवरची अक्षरं निम्मी जरी शिल्लक असतील तर रंग देऊ नका. ते पुन्हा मिळत नाही. साबणाच्या पाण्याने हलकेच धुवा, रबिंग कंपाउंडचा अगदी थोडा हात मारा, अक्षरांवरून मात्र नुसतं ओलं फडकं. टर्पेंटाइन लागलं तर अक्षरं निघून येतील. उडालेल्या जागी गंज काढून बारीक ब्रशने काळा इनॅमल भरा आणि वरून कारला लावतात ते मेण. एवढ्याने ती इतकी सुंदर दिसते की नव्या रंगाचा विचारच मागे पडतो.

रंग अगदीच गेला असेल तर ऋतू पाहा. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढरट छटा येते. मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की थिनर हवेतच उडून जातो, रंग खरखरीत बसतो आणि गरम वाऱ्याबरोबर आलेली धूळ त्यात अडकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे रंगाचे महिने. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पाण्याचा पॉलिश पेपर, तोंडाला मास्क, लहान मुलं लांब. पावडर कोटिंग करून घेणार असाल तर फ्रेम देण्याआधी सगळे आटे आणि कटोऱ्यांच्या जागा झाकून घ्यायला सांगा, नाहीतर परत आल्यावर कपच बसत नाही.

चामड्याची सीट माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी वाळून कडक झालेली असते. ती तेलात भिजवू नका, झोळ पडतो. चामड्याचं मेण खालून-वरून पातळ लावा आणि दोन दिवस थांबा.

टायर, चेन, ब्रेक

टायर घेताना नुसतं ‘२८ इंची’ म्हणू नका. रोडस्टरचा टायर २८ × १½, त्याच्यावर ४०-६३५ असं लिहिलेलं असतं. नव्या सायकलींचा ७००सी टायरही काही जण २८ म्हणूनच विकतात, पण त्याचा आकडा ६२२ असतो. १३ मिलिमीटरचा हा फरक कुठल्याही जोराने भरून निघत नाही. वाकड्या हँडलच्या जुन्या सायकलीत २७ × १¼ म्हणजे ६३० असू शकतो. जुन्या टायरवरचा आकडा वाचूनच दुकानात जा. माळ्यावरचे जुने टायर-ट्यूब वापरू नका, उष्णतेने रबर तडकलेलं असतं. रिमच्या आतली पट्टीही नवी घाला.

चेन पोलादी पट्टीने मोजा. नव्या चेनमध्ये २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसतात. त्याच कड्या १२ इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, भरल्या तर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन उड्या मारते.

ब्रेकचे रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर ठेवा आणि रॉडच्या प्रत्येक सांध्याला तेलाचा थेंब द्या, रबराला तेल लागू न देता.

पहिल्या फेऱ्या

पहिली फेरी सकाळी लवकर, सिव्हिल लाइन्सच्या सपाट, झाडांच्या रस्त्यांवर घ्या. हँडल सोडून चालवू नका, पण सैल धरून पाहा: सायकल एका बाजूला ओढते का? आवाज कुठून येतो? पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला टक्क झालं तर कॉटर पिन. चाकाच्या फेऱ्याला झालं तर स्पोक किंवा कोन. सगळं शांत असेल तर फुटाळा तलावापर्यंत जा. सेमिनरी हिल्सचा उतार ब्रेकची खात्री झाल्यावरच, आणि पावसात नाही. ओल्या क्रोम रिमवर रॉड ब्रेक फार उशिरा धरतो, तेव्हा पावसाळ्यात नेहमीपेक्षा दुपटीने आधी दाबायची सवय लावा.

२०-३० किलोमीटर झाले की पाना घेऊन परत बसा. कॉटर पिना या वेळेपर्यंत थोड्या बसलेल्या असतात. पाइपचा आधार देऊन एकेक ठोका मारा आणि नट पुन्हा आवळा. स्पोक दाबून पाहा, कोनांची टकटक तपासा, चेनचा ताण पाहा, मधोमध दाबली तर अर्धा-पाऊण इंच हलली पाहिजे. हे एकदा केलं की पुढे दर महिन्याला चेनला आणि हबच्या भोकात तेल, आणि दर पावसाळ्यानंतर बीबी उघडून नवं ग्रीस.